बाजूची सीट

जानेवारीत माझ्या पिकअपला द्राक्षांचं भाडं लागतं.
दिंडोरीच्या मळ्यातून गंगापूर धरणाकडच्या वायनरीत,
पहाटे चारला, ऊन चढायच्या आत.
दारू सोडलेल्या माणसाने
दारूचाच कच्चा माल वाहायचा.
हसा. आम्हीही हसलो होतो
महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
जिथे मंगळवारी आणि शुक्रवारी आमची मीटिंग भरते
आणि बाकांत कुणाचेच गुडघे मावत नाहीत.

मी पुंजाराम, म्हणालो. बेवडा.
गाडी विकली तर घरात चूल नाही,
नाही विकली तर त्या गेटच्या आत
टाक्यांमधून जो आंबूस वास येतो
तो नाकाच्या आधी गुडघ्यांना कळतो.

उपदेश कुणी केला नाही.
नोट प्रेसमधून रिटायर झालेले रंगनाथमामा उठले,
खडूचा तुकडा शोधला,
फळ्यावरच्या सातच्या पाढ्याशेजारी सात वार लिहिले.
"बाजूची सीट रिकामीच असते ना तुझी?"
एवढंच.

सोमवारी मोईन, स्वतःची रिक्षा झाकून ठेवून.
बुधवारी तांबट गल्लीतला दत्तू,
हंडे ठोकून ठोकून अर्धा बहिरा,
झोपलेलं गाव जागं होईल असा बोलतो.
गुरुवारी कमलताई; घरी सांगून यायची
की तोडणीला जाते.
ती प्यायची हेच घरी माहीत नव्हतं,
तर सोडली हे कुणाला सांगणार?
शनिवार-रविवार मामा. मफलर, थर्मास.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
आता स्वतःचे दिवस मोजतात,
अंगठा ओला करून, एकेक.

म्हसरूळच्या अलीकडे एक परमिट रूम आहे,
बोर्डातली निम्मी अक्षरं जळालेली.
नेमकं तिथेच मामांना आठवायचं:
"पुंजा, चहा ओतू का?"
दर वेळी. तिथेच. जणू योगायोग.

गेटवर वजनकाटा. वॉचमन ओरडायचा,
"त्या माणसाला उतरव, वजन चुकतंय!"
मामा उतरायचे, थंडीत उभे राहायचे.
पुढे टाक्यांपर्यंत दोनशे पावलं, मी एकटा.
त्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.
काच वर. क्रेट खाली. रिकाम्या गाडीची पावती.
आणि आरशात, लांब, एक मफलर.

रंगपंचमीला दुपारी दत्तूचा फोन.
पहिल्यांदाच हळू बोलत होता.
"मामा रहाडीपाशी बसलेत.
रंगात भिजलेत, पण
वास रंगाचा नाही."

अकरा वर्षं, चार महिने.
मी गेलो. धप्पा मारून उडणाऱ्या पोरांच्या गर्दीतून
त्यांना काखेत धरून आणलं,
बाजूच्या सीटवर बसवलं. ते
बोटांनी हवेत काहीतरी मोजत होते
आणि पुन्हा पुन्हा एकावर येत होते.
मला काही सुचलं नाही.
थर्मास त्यांच्याच पिशवीत होता.
झाकणात चहा ओतला. थंड झाला होता.
त्यांनी तो प्यायला.

शुक्रवारी ते मागच्या बाकावर बसले,
जिथे नवीन माणसं बसतात.
मी रंगनाथ, म्हणाले. आज तिसरा दिवस.
टाळ्या वाजल्या. त्यांना त्या आवडल्या नसाव्यात.
कमलताई उठली आणि फळ्यावरच्या शनिवारी
मामांच्या नावाखाली स्वतःचं लिहिलं.

हंगामाची शेवटची खेप.
केबिनमध्ये तिघं, खांद्याला खांदा,
सीटवरचा केशरी डाग धुऊनही तसाच.
म्हसरूळ आलं. बोर्ड आला.
कुणीच चहाचं काढेना,
तेव्हा मीच म्हटलं, "मामा, ओतता का?"
त्यांचा हात हलत होता,
थोडा गिअरवर सांडला.

गेटवर वॉचमन खिडकीत वाकला.
"आज दोन-दोन माणसं?"
"हो," म्हटलं. "उतरतायत. जरा थांब."
मामा आधी उतरले, मग ताई,
तिने त्यांचा मफलर नीट केला
आणि काट्यावरचे आकडे
बराच वेळ हलत राहिले.